स्टिअरिंगचा प्ले काढून देतो म्हणत 765 पौंड नेले

इंग्लंडच्या मिडलँड्स भागात व्हॅन घेऊन फिरणारा एक माणूस आहे. ‘घरी येऊन स्टिअरिंगचा प्ले शंभर टक्के काढून देतो’ अशी त्याची जाहिरात असते. प्ले म्हणजे स्टिअरिंग हललं तरी चाकं न वळणारी ढिलाई. त्याने माझ्याकडून 765 पौंड नेले. तपासणीचे 45, नव्या हबचे, म्हणजे स्टिअरिंग व्हील त्याच्या दांड्याला जोडणाऱ्या भागाचे, 285, मजुरीचे 160 आणि रॅक, म्हणजे चाकं वळवणारी खालची दातेरी दांडी, खोलून दुरुस्त केल्याचे 275. आकडे मुद्दाम फोडून देतोय. असाच हिशेब तुमच्या हातात पडला असेल, तर माणूस तोच आहे असं समजा.

माझी गाडी लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या घराण्यातली. उघडी, बुटकी, आणि कॉकपिट इतकं अरुंद की स्टिअरिंग व्हील काढल्याशिवाय माझे पाय आतच जात नाहीत. त्यामुळे क्विक रिलीज हब, म्हणजे व्हील झटकन काढता-घालता येणारा जोड, ही माझ्यासाठी चैन नाही. व्हील प्रत्येक वेळी निघतं, प्रत्येक वेळी बसतं, आणि हबच्या आतले दात म्हणजे स्प्लाइन हळूहळू झिजतात. स्प्लाइनचा व्यास वीसेक मिलिमीटर, व्हीलचा 280. म्हणजे दातांत एक दशांश मिलिमीटरची ढिलाई आली की रिमवर, म्हणजे व्हीलच्या कडेवर, ती चौदापट होऊन हाताला लागते. माझ्याकडे रिमवर साधारण सहा मिलिमीटरचा प्ले होता. सरळ रस्त्यावर व्हील हातात बारीक खडखडायचं. त्रास होता.

त्याने आल्या आल्या एमओटीची, म्हणजे गाडीच्या वार्षिक सक्तीच्या तपासणीची, भीती घातली. म्हणाला, एवढ्या प्लेवर गाडी नापास होणार, विमा कंपनीही हात वर करणार. पण तो सांगत होता तितकं ते सरळ नव्हतं. एमओटीच्या नियमांत रॅकच्या गाडीला रिमवर 13 मिलिमीटरपर्यंत मोकळीक चालते, आणि व्हील व रॅकच्या मध्ये जास्त जॉइंट असतील तर त्याहूनही जास्त. व्हील आणि दांडा यांच्या जोडातली ढिलाई मात्र वेगळी तपासतात. नियमावली सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळते. वाचा. कुणी एमओटीचं नाव घेऊन घाबरवायला लागला की त्याच्यासमोरच फोनवर उघडा.

मग पैशांची गोष्ट. क्रेडिट कार्ड पुढे केलं तर म्हणाला, कार्डाला तीन टक्के जादा पडतील, ट्रान्सफर करा. ग्राहकाच्या साध्या कार्डावर असा अधिभार लावायला या देशात जानेवारी 2018 पासून बंदी आहे. तीन टक्के वाचतात म्हणून मी ट्रान्सफर केलं. कुणीही केलं असतं. पण क्रेडिट कार्डाने दिले असते तर 1974 च्या कंझ्युमर क्रेडिट कायद्याच्या कलम 75 खाली कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता आलं असतं. वस्तूची किंमत 100 पौंडांच्या वर असली की ते कलम लागू होतं, माझा हब 285 चा होता. त्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं. कार्ड नाकारणं हा त्याच्या धंद्याचा भाग आहे.

आता तो क्षण सांगतो, जो आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो.

काम झाल्यावर त्याने मला गाडीत बसवलं आणि व्हील हातात दिलं. जुना हब एका हाताने टक्कन बसायचा. हा बसेना. त्याने रबरी हातोडी आणून मधोमध दोन ठोके मारले, तेव्हा हबला लॉक करणारी कॉलर, म्हणजे सरकती कडी, सरकली. ‘नवीन आहे, घट्ट असणारच, बसेल हळूहळू,’ असं तो म्हणाला. त्याच वेळी स्प्लाइनच्या कडेला मला एक चंदेरी रेघ दिसली. नखाएवढी रुंद, कागदासारखी पातळ, दातांच्या मधून बाहेर डोकावणारी. मी बोट दाखवून विचारलं. तो म्हणाला, ती कंपनीने बसवलेली अँटी-रॅटल स्लीव्ह, म्हणजे खडखड थांबवणारी नळी, आहे.

स्लीव्ह कसली! ती ॲल्युमिनियमची कापलेली पट्टी होती. शाफ्टवरच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या, जुन्या झिजलेल्या दातांवर पट्टी गुंडाळून, वर बेअरिंग चिकटवायचं रसायन ओतून प्ले बुजवला होता. रसायनाचा उग्र वास मला आला होता, हिरवट ओघळही दिसला होता. पण व्हील हलवून पाहिलं तर एक केसभर प्ले नव्हता. जी तक्रार घेऊन मी त्याला बोलावलं, ती डोळ्यांदेखत नाहीशी झाली होती. अशा वेळी माणूस चंदेरी रेघेवर वाद घालत बसत नाही. माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा आहे, मी लेथवर कधी उभा राहिलेलो नाही, आणि समोरचा माणूस मोटरस्पोर्टचा टी-शर्ट घालून आत्मविश्वासाने बोलत होता.

महिना उलटला आणि पट्टी तुटली. महिना उलटल्यावर तुटली हे त्याच्या पथ्यावर पडलं, कारण 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यात सदोष वस्तू सरळ परत करून पैसे मागायची मुदत 30 दिवसांची आहे. गोल चौकातून बाहेर पडताना व्हील माझ्याकडे सरकल्यासारखं झालं. बाजूला घेतली आणि पाहिलं तर कॉलर पूर्ण मिटलेली नव्हती. पट्टीचा तुकडा हब जागेवर धरून ठेवणाऱ्या लॉकच्या बारीक धातूच्या गोळ्यांमध्ये अडकला होता. सत्तरच्या वेगात हे व्हील हातात आलं असतं तर? माझी मुलगी शेजारी बसते या गाडीत.

घरी आल्यावर बायकोच्या मामांना व्हिडिओ कॉल लावला. पिंपरीच्या टूलरूममध्ये त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी व्हील बघायच्या आधी बिल वाचायला लावलं. बिलावर हबपुढे ‘फोर्ज्ड स्टील’, म्हणजे ठोकून घडवलेलं पोलाद, असं लिहिलेलं. मामा म्हणाले, ‘‘जावईबापू, फ्रिजवरचं चुंबक आणा आणि लावून बघा.’’ चुंबक घरंगळून खाली पडलं. हब ॲल्युमिनियमचा, वर काळा मुलामा. ॲल्युमिनियमचे चांगले हबही असतात, पण मी पैसे स्टीलचे मोजले होते. मग मामांनी रॅकचे क्लॅम्प दाखवायला सांगितले. गाडी बांधली तेव्हा आवळलेल्या प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची खूण केलेली आहे. रॅकच्या नटांवरची खूण अखंड होती, एका नटावर तर वाळलेला चिखलही जसाच्या तसा. म्हणजे रॅकला हातसुद्धा लावलेला नव्हता. 275 पौंड निव्वळ हवेचे. तो ‘रॅक खोलत’ होता तेव्हा मी आत ऑफिसच्या कॉलवर होतो. कामाच्या दिवशी माणूस व्हॅनवाल्यावर पहारा ठेवून उभा राहू शकत नाही.

काम चालू असताना काढलेले सगळे सुटे भाग मागून घ्या, जुना हब तर नक्की. तो द्यायला का-कू करायला लागला की पैसे थांबवा.

आता सरकारी दारांची कहाणी. ग्राहक हेल्पलाइनवरच्या बाईंनी शांतपणे ऐकून सांगितलं की 30 दिवस झाले असल्यामुळे आधी व्यापाऱ्याला दुरुस्तीची एक संधी द्यावी लागेल. ज्याने फोन बंद केलाय, जाहिरात काढून दुसऱ्या नावाने टाकलीय, त्याला संधी कुठे जाऊन द्यायची? त्यांनी माहिती स्थानिक कौन्सिलच्या खात्याकडे पाठवली. त्या खात्याला नागरिक थेट फोन करू शकत नाही, आणि त्यांचं उत्तर आलं की एकेका माणसाच्या तक्रारीत आम्ही पडत नाही. बँक म्हणाली, ऑक्टोबर 2024 पासून ट्रान्सफरच्या फसवणुकीत भरपाई मिळते हे खरं, पण तुम्हाला वस्तू मिळाली आहे, काम झालं आहे, सबब हा तुमच्या दोघांमधला दिवाणी वाद. पोलिसांच्या ऑनलाइन नोंदीने एक लांबलचक क्रमांक दिला आणि काही आठवड्यांनी पत्र, की तपासासाठी पुरेसा धागा नाही. व्हॅनचा नंबर, बँक खात्याचा नंबर, फोटो, मेसेज, तुटलेली पट्टी पिशवीत घालून ठेवलेली. यापेक्षा जाड धागा कसा असतो? हे स्टिअरिंग आहे, टोस्टर नाही. कुणाचा जीव गेला की मग तो फौजदारी होणार का? प्रत्येकाने मला पुढच्या दारावर पाठवलं आणि शेवटचं दार पहिल्याकडेच उघडत होतं.

प्ले कुठे आहे हे स्वतः बघता येतं, त्यासाठी 45 पौंड देऊ नका. इंजिन बंद, चाकं सरळ. कुणाला तरी व्हील बारीक हलवायला सांगा आणि तुमचं बोट हब व शाफ्टच्या सांध्यावर असं ठेवा की अर्धं इकडे, अर्धं तिकडे. हब हलला आणि शाफ्ट स्थिर राहिला तर दोष हबमध्येच. दोन्ही एकत्र हलले तर खाली जा, हेच बोट युनिव्हर्सल जॉइंटवर, म्हणजे दांड्याच्या वळणाऱ्या सांध्यावर, ठेवा, मग रॅकच्या तोंडाशी. व्हील गोल फिरताना ढिलं वाटतंय की पुढेमागे खडखडतंय, तेही बघा. पहिलं दातांचं, दुसरं बहुधा लॉकच्या गोळ्यांचं. दात झिजले असतील तर हब आणि शाफ्टवरचा स्प्लाइन दोन्ही जोडीने बदला, एकच बदलून उपयोग नाही. पट्टी, टेप, रसायन यातलं काहीही दातांत घालणारा माणूस दारात उभा करू नका. आणि व्हील बसवल्यावर दर वेळी, गाडी सुरू करण्याआधी, ते दोन्ही हातांनी जोरात स्वतःकडे ओढा.

मी हब आणि स्प्लाइनची नवी जोडी एका वर्कशॉपमधून बसवून घेतली. त्याचे 340 पौंड वेगळे गेले.

छोट्या दाव्यांच्या न्यायालयात जायचं ठरवलं आहे. 500 ते 1000 पौंडांमधल्या दाव्याला 70 पौंड फी आहे, पण समोरच्याचं नाव आणि पत्ता लागतो. त्याच्या बिलावर फक्त मोबाइल नंबर होता. म्हणून व्हॅनच्या नंबरवरून मालकाचं नाव मिळावं यासाठी व्ही888 फॉर्म भरून, अडीच पौंड फी जोडून अर्ज पाठवला आहे. तुमच्यापैकी कुणाकडे पांढऱ्या व्हॅनमधून आलेल्या अशाच माणसाचं पत्ता असलेलं बिल असेल, किंवा हबमध्ये तशीच चंदेरी पट्टी निघाली असेल, तर मला कळवा. पट्टी फेकू नका, फोटो काढून ठेवा.