जुनी जावा मोटरसायकल घेताय? आधी चेसिस नंबरवर पेन्सिल फिरवा

माझ्या धाकट्या भावाला मालवणजवळच्या एका गावात '१९६८ ची जावा' म्हणून जी गाडी १ लाख ८५ हजारांना विकली गेली, ती जावा नव्हतीच. येझदीच्या चेसिसवर, म्हणजे सांगाड्यावर, जावाचे बॅज, नवं क्रोम आणि मरून रंग चढवला होता.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा बनायची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिचं नाव येझदी झालं, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. दोन्ही २५० सीसी, टू-स्ट्रोक, बरेच भाग एकमेकींना चालतात. भामट्यांचं फावतं ते इथेच, कारण शौकीन माणूस जावाला जास्त पैसे मोजतो.

विकणारा म्हणाला, "आजोबांची गाडी, वीस वर्षं पडवीत झाकून ठेवलेली." अहो, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात स्पोक गंजतात! आणि हिच्या रिम आरशासारख्या. भाव पटवायला त्याने मोबाइलवर जाहिराती दाखवल्या, "अडीच लाखांना जातेय बघा." पण जाहिरातीतला आकडा ही नुसती मागणी असते. त्या भावाला गाडी खरंच गेली का, हे कोण सांगणार? अलीकडे ज्यांनी अशी गाडी घेतली त्यांना विचारा, मग इंजिनातल्या क्रँक-पिस्टनचं काम किती निघेल ते जुन्या मिस्त्रीकडून काढून घ्या आणि तेवढी रक्कम वजा करा.

खरा घोळ बाहेर आला ट्रान्सफरच्या वेळी. हँडलखालच्या नळीवर कागद ठेवून, वर पेन्सिल फिरवून चेसिस नंबरची छाप घेतली, तर आकडे वेडेवाकडे, आणि ३ च्या मागे आधीच्या ८ ची पुसट कड. ग्राइंडर मारून नंबर नव्याने पंच केलेला. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) मात्र खरी, मयत मालकाच्या नावाची, पण दुसऱ्याच गाडीची.

आता गाडी नावावर होत नाही. ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना २०२१ च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी मिळते, तीही हिला मिळणं शक्य नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे रोखच हवेत म्हणून तो माणूस का अडून बसला होता, ते आता कळतंय.

गणपतीत चाकरमानी गावी येतात, सुट्टी मोजकी, आरटीओही बंद. असे सौदे नेमके तेव्हाच गळ्यात मारतात. टोकन देण्याआधी छाप स्वतः घ्या, आरसीशी एकेक आकडा ताडून बघा. "रंग खराब होईल" म्हणून विकणाऱ्याने हात लावू दिला नाही, तर तिथूनच मागे फिरा.