मऊ मुठीच्या क्रोशा सुया : आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीच्या सुमारास मऊ मुठीच्या क्रोशा सुयांचा संच घेतला आणि तेव्हापासून जवळजवळ रोज त्यातली एखादी सुई हातात असतेच. टोक आणि दांडी ॲल्युमिनियमची, मूठ रबरासारख्या मऊ प्लॅस्टिकची, मापं 2 मिलिमीटरपासून 6 मिलिमीटरपर्यंत, प्रत्येक मापाच्या मुठीचा रंग वेगळा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशा सुया आता बऱ्याच कंपन्या काढतात आणि मी लिहितेय ते या प्रकारच्या सुयांबद्दल.

आधी माझं सगळं काम पोलादी बारीक सुईवर आणि 20 नंबरच्या सुती दोऱ्यावर चालायचं. तोरणं, ताटावरचे रुमाल, भाच्यांच्या रुखवतातल्या वस्तू. लोकर आणि जाड सुई या संचामुळे हातात आली, त्यामुळे हा अनुभव एका अर्थी दोन वेगळ्या कामांची तुलना आहे.

मूठ खरंच उपयोगाची आहे का, हे सगळ्या जणी पहिल्यांदा विचारतात. आहे. पोलादी सुई बारीक असल्यामुळे ती चिमटीत घट्ट दाबून धरावी लागते आणि दीड-दोन तासांनी अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो. मूठ जाड झाली की तेवढं दाबावंच लागत नाही. जिथं अंगठा टेकतो तिथं मुठीला चपटी जागा दिलेली आहे, त्यामुळे सुई बोटांत फिरत नाही आणि टोकाचा आकडा समोरच राहतो. मी सुई पेनासारखी धरते. आमच्यातल्या एक काकू चाकूसारखी, वरून मूठ आवळून धरतात. त्यांना ही मूठ थोडी आखूड वाटली, मुठीचं मागचं टोक तळहाताला लागायचं. तेव्हा तुमची पकड कोणती आहे ते बघून मगच पैसे घाला. आणि मनगटाचं जुनं दुखणं असेल तर नुसती सुई बदलून भागणार नाही, मध्ये मध्ये उठून हात मोकळे करावेच लागतात.

पण इतक्या महिन्यांनंतर मला या संचातली सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती वाटते म्हणाल, तर मुठीवर ठसठशीत छापलेलं मिलिमीटरमधलं माप. हे वाचून नवल वाटेल, म्हणून नीट सांगते.

आम्ही पुण्यातल्या काही जणी महिन्यातून एकदा एकमेकींच्या घरी विणायला जमतो. दोघी-तिघी मुलांकडे परदेशी गेल्यात, त्या मोबाइलवरून सामील होतात. कुणी नवीन वीण शिकली की ती बाकीच्यांना दाखवायची, असा रिवाज आहे. या हिवाळ्यात ठरलं की प्रत्येकीनं ग्रॅनी स्क्वेअरचे चौकोन करायचे आणि ते जोडून वृद्धाश्रमासाठी गोधडीच्या मापाची पांघरुणं करायची. चौकोन सगळ्यांना येतो. मधल्या कड्यात तीन-तीन खांबांचे, म्हणजे उंच टाक्यांचे, चार गट, गटांमध्ये दोन साखळ्यांचे कोपरे, आणि पुढे प्रत्येक फेरीला चार गट वाढत जातात. सहाव्या फेरीत चोवीस गट, म्हणजे बहात्तर खांब. इतकं सोपं.

पहिल्या खेपेला चौकोन एकावर एक ठेवले तर काही जेमतेम बारा सेंटिमीटरचे, काही चौदाच्याही पुढे गेलेले. लोकर एकाच दुकानातली, एकाच जाडीची. सुई विचारली तर चौघींनी सांगितलं, ‘सहा नंबर.’ खरी गंमत पुढे आहे. अमेरिकी मापात 6 नंबरची सुई 4 मिलिमीटरची असते, जुन्या ब्रिटिश मापात तीच 6 नंबर 5 मिलिमीटरची, आणि बारीक पोलादी सुयांमध्ये 6 नंबर म्हणजे दोन मिलिमीटरच्याही आत. वर अमेरिकी जाड सुयांचा आकडा वाढला की सुई जाड होते, तर पोलादी सुयांत आकडा वाढला की बारीक. आपल्याकडे घराघरांत या तिन्ही प्रकारच्या सुया एकाच डब्यात सापडतात आणि बऱ्याच सुयांवरचा ठसा झिजून गेलेला असतो.

तेव्हापासून आमच्यात नियम झाला की नंबर सांगायचाच नाही, मिलिमीटर सांगायचे. माझा संच तेव्हा सगळ्यांच्या हातांतून फिरला. प्रत्येकीनं 4 मिलिमीटरच्या सुईनं एक चौकोन केला आणि तो पट्टीनं मोजला. सुई एकच, लोकर एकच, तरी फरक उरलाच, कारण हात वेगळा. कुणाचा हात सैल, कुणाचा घट्ट. मग सैल हाताच्या दोघींना 3.5 ची सुई दिली, घट्ट हाताच्या काकूंना 4.5 ची, आणि चौकोन तेरा सेंटिमीटरला येऊन थांबले. माझ्या मते क्रोशा शिकवताना हे पहिल्या दिवशी सांगायला हवं. लोकरीच्या पट्टीवर छापलेलं सुईचं माप ही फक्त सुरुवात असते, खरी सुई तुमच्या हाताचा ताण ठरवतो. ताण बळंच बदलायला जाऊ नये. बदललेला ताण दोन ओळी टिकतो आणि गप्पांत रमलं की हात मूळपदावर येतो. सुई बदलावी. एका चौकोनात सेंटिमीटरचा फरक म्हणजे दहा चौकोनांच्या ओळीत दहा सेंटिमीटर, आणि तेवढी चुणी कुठल्याही इस्त्रीनं जात नाही.

टाके शिकण्याबाबत. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, दुहेरी खांब हे बुटक्यापासून उंच होत जाणारे टाके मला येतच होते, पण जाड लोकरीवर ते टाके डोळ्यांना दिसतात, दोऱ्यात ते बोटांनीच ओळखावे लागतात. नव्यानं शिकणारीनं 4 किंवा 5 मिलिमीटरची सुई आणि फिकट रंगाची, पीळ चांगला असलेली लोकर घ्यावी. काळी किंवा केसाळ लोकर मुळीच नको, उसवताना डोळ्यांत पाणी येतं. गोल रुमाल सपाट का बसत नाही हा प्रश्नही लोकरीवर पटकन सुटतो. खांबांच्या गोलाला पहिल्या फेरीत बारा, मग चोवीस, मग छत्तीस. मुक्या खांबांचा असेल तर सहा, बारा, अठरा. वाढ कमी पडली की वाटीसारखा वळतो, जास्त झाली की झालर पडते.

व्हिडिओ बघून शिकायचं की आकृतीवरून, यावर आमच्यात वाद आहेत. मी आकृतीच्या बाजूची. साखळीला लांबट गोल, मुक्या खांबाला फुली, खांबाला एक तिरपी रेघ असलेला टी, दुहेरी खांबाला दोन रेघा. खांबापासून पुढे जितक्या रेघा तितके वेढे सुईवर आधी घ्यायचे. लिखित नमुन्यात मात्र सावध राहावं लागतं. अमेरिकी नमुन्यातला ‘सिंगल क्रोशे’ ब्रिटिश नमुन्यात ‘डबल’ होतो आणि अमेरिकी ‘डबल’ तिथं ‘ट्रेबल’. न्यू जर्सीच्या ताईनं पाठवलेला टोपीचा नमुना आणि लंडनहून आलेला मोज्यांचा नमुना एकाच आठवड्यात विणायला घेतले तर हे लक्षात ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. आकृतीत हा घोळच नसतो. म्हणून आता आम्ही एकमेकींना काही पाठवलं की आकृती, सुईचे मिलिमीटर, लोकरीचं वजन ग्रॅममध्ये आणि तयार तुकड्याचं माप, एवढं लिहितोच. विकत घेतलेला नमुना मात्र पुढे पाठवायचा नाही, फक्त करणारीचं नाव सांगायचं. तिनं त्यावर कष्ट घेतलेले असतात.

आता जिथं या सुया कमी पडल्या तेही सांगते. ट्युनिशियन वीण यांच्यावर जमत नाही. त्यात एका ओळीचे सगळे टाके सुईवरच ठेवायचे असतात, आणि दांडी संपली की मूठ आडवी येते. त्याला लांब, सरळ सुईच लागते. बुलियन टाक्यात सुईवर आठ-दहा वेढे घेऊन त्यांतून दोरा एकदम ओढायचा असतो. माझ्या संचातली दांडी टोकाजवळ निमुळती असल्यानं ते वेढे मागे जाड भागावर आवळतात. पफ, पॉपकॉर्न, शिंपल्याची वीण, उठावाचे खांब, या विणींना काहीच अडचण नाही. मुठीला धूळ आणि लोकरीचे तंतू चिकटतात, साबणाच्या पाण्यानं पुसावी लागते. 2 मिलिमीटरची सुई आहे, पण 40 नंबरच्या, आणखी बारीक दोऱ्याला तीही जाडच, तिथं आपली पोलादी सुईच खरी.

किंमत जास्त आहे हे खरं. या संचाच्या पैशांत साध्या सुयांचे कितीतरी संच येतील. पण हाताच्या कामाला स्वस्त महाग मोजायची आपली पट्टी मला नेहमी खटकते. क्रोशाची वीण यंत्रावर होत नाही. बाजारात खऱ्या क्रोशाची जी वस्तू दिसते ती कुणीतरी हातानंच विणलेली असते. आपल्या त्र्यंबकेश्वरची गोदावरी जिथं समुद्राला मिळते तिथं, आंध्रातल्या नरसापूरला, बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणतात. तिला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अशा कामात आयुष्य घालवणाऱ्या हातांना चांगली सुई मिळावी ही चैन नव्हे.

घ्यायच्याच असतील तर पूर्ण संच लगेच घेऊ नका. सुट्या मिळतात. 3.5, 4 आणि 5 या तीन मापांवर माझं बहुतेक काम झालं, 6 ची फक्त जाड शालीला लागली आणि 2.5 ची बाहुल्यांना, कारण त्यात विणीतून कापूस डोकावू नये म्हणून घट्ट वीण हवी असते. पुण्याच्या बोहरी आळीत जाणार असाल तर घरची लोकर सोबत न्या, दुकानात चार साखळ्या घालून बघा, आणि मुठीवरचं माप नखानं खरवडून बघा. छापलेलं निघून जातं, कोरलेलं राहतं.