‘विनापरवाना, सरकारमान्य’ किट आणि त्यामागून येणारा फोन

हरभऱ्याला घाटे धरले आणि वावरात जागल सुरू झाली, की फोनवर एक जाहिरात फिरू लागते. ‘शेतकरी बांधवांसाठी स्वसंरक्षण किट! 20 लाख व्होल्टची झटका टॉर्च, मिरचीचा स्प्रे, घडीचा स्टील दांडा. विनापरवाना, सरकारमान्य. फक्त 2,999.’ यवतमाळकडच्या एका कास्तकारानं रानडुकरांच्या भीतीनं हे किट मागवलं. त्याचं पुढं काय झालं ते क्रमानं सांगतो, कारण ही सगळी रीत आधीच ठरलेली असते.

आधी 500 रुपये बुकिंग, उरलेले पार्सल आल्यावर. पार्सल आलं. आत टॉर्च आणि स्प्रे होता, दांडा नव्हता. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच नंबरवरून फोन आला. डीपीवर वर्दीतला फोटो. ‘तुमच्या नावानं हत्यार निघालंय, दांडा आमच्या ताब्यात आहे, शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतोय. मिटवायचं असेल तर आज 18,500 भरा.’ पाठोपाठ शिक्क्याची नोटीस व्हॉट्सअॅपवर. माणूस घाबरला, दोन हप्त्यांत पैसे गेले, आणि घरात कोणाला सांगायची सोय राहिली नाही. खरा धंदा किटचा नाहीच, या दुसऱ्या फोनचा आहे. आपण काहीतरी बेकायदेशीर मागवलंय असं गिऱ्हाइकाला वाटलं, की तो ठाण्यात जात नाही, आणि नेमकं हेच त्यांना हवं असतं.

म्हणून कायदा नीट माहीत हवा. शस्त्र अधिनियम 1959 च्या व्याख्येतच म्हटलंय की निव्वळ घरगुती किंवा शेतीकामाच्या वस्तू, लाठी आणि चालायची साधी काठी ‘शस्त्र’ धरायची नाही. तुमचा विळा आणि काठी यांना परवाना लागत नाही. फक्त सणासुदीला किंवा निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चा मनाई आदेश निघाला, तर तेवढ्या दिवसांत काठी घेऊन फिरणंही अडचणीचं ठरतं. मिरचीच्या स्प्रेला परवाना लागत नाही. स्टील बॅटन, म्हणजे तो घडीचा दांडा, मात्र शस्त्र नियमांच्या यादीत तलवार, खंजीर, गुप्ती यांच्याच गटात आहे, आणि 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचा सुरासुद्धा, शेतीचा किंवा घरकामाचा नसेल तर, तिथंच मोडतो. ते विकायला परवाना लागतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम 4 ची अधिसूचना लागू असलेल्या भागात बाळगायलाही लागतो. थोडक्यात, ‘विनापरवाना’ म्हणून दांड्याची जाहिरात करणारा आधी स्वतःच अडकतो. ‘सरकारमान्य’ला पुरावा मागितला तर हे लोक जीएसटीचा कागद पाठवतात. जीएसटी नंबर म्हणजे कराची नोंद, शस्त्र विकायची परवानगी नव्हे.

आता माल. कोरड्या हवेत 1 सेंटिमीटर ठिणगी उडायला साधारण 30 हजार व्होल्ट लागतात. त्या टॉर्चच्या दोन पिनांमधलं अंतर होतं 2 सेंटिमीटर, म्हणजे 60 हजारांच्या आसपास ठिणगी उडून मोकळी. 20 लाख व्होल्ट खरे असते तर ती दोन फूट उडाली असती. शिवाय झटका बसायला पिना अंगाला टेकवाव्या लागतात. रानडुक्कर तेवढं जवळ येईतो त्याचे सुळे मांडीत असतात. स्प्रेच्या डब्यावर ना उत्पादकाचं नाव, ना महिना-वर्ष, ना मुदत. दाबल्यावर फवारा न उडता रस बोटांवरून ओघळला, कारण आतला दाबच गेलेला. चांगला डबाही उलट्या वाऱ्यावर आपल्याच डोळ्यांत येतो, हे विकणारा कधी सांगत नाही. तसं झालंच तर डोळे चोळू नका, भरपूर पाण्यानं धुवा.

याच जाहिरातीत ‘डुक्कर मारायची एअरगन’ही असते. 4.5 मिलिमीटर नळी आणि 20 ज्यूलपेक्षा कमी ताकद असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही, हे खरं. पण अर्ध्या ग्रॅमचा तो छर्रा डुकराला फक्त जखमी करतो, आणि चवताळलेलं जनावर अंगावर येतं. वर वन्यजीव कायद्याचा गुन्हा वेगळा. भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक पीक संरक्षणासाठी कायद्यानं मिळू शकते, पण अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करावा लागतो, पोलीस पडताळणी होते, आणि ‘परवाना घरपोच’ म्हणणारा प्रत्येक माणूस ठग असतो. नुकसान झालंच असेल तर वनविभागाकडून पंचनामा करून भरपाई मागा.

पैसे गेले असतील तर पहिला फोन 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, जितका लवकर तितकी रक्कम बँकेत गोठण्याची आशा जास्त. पोलीस गुन्हा मिटवायला यूपीआयवर पैसे घेत नाहीत, आणि ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट कायद्यात नाही. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4), फसवणूक, हे नाव घेऊनच बोला. टॉर्च किंवा स्प्रे मागवला म्हणून लाजायचं काही नाही. पिस्तूल मागवलं असेल तर मात्र आधी वकिलाला भेटा, मग तक्रार द्या.

जाताना पार्सलचं खोकं लेबलसकट न्या, ते फेकू नका. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि ट्रॅकिंग नंबर त्यावरच असतो. पैसे पाठवल्याचा यूटीआर नंबर, दोन्ही मोबाईल नंबर, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि ती खोटी नोटीस यांच्या छापील प्रती सोबत ठेवा. चॅट मात्र फोनमध्येच राहू द्या, डिलीट करू नका.