जिल्ह्याच्या पेपरची ऑनलाइन वर्गणी: पैसे घ्या, पण कामाची बातमी उघडी ठेवा

आमच्या जिल्ह्यातल्या एका जुन्या मराठी पेपरनं वेबसाइट अन् ई-पेपर दोन्ही पैशात टाकले. गावात जो तो विचारून राहिला की घ्यावं का नाही. मी घेतलंय, रोज सकाळी वाचतो, म्हणून सविस्तर लिहितो. पेपरचं नाव टाकत नाही, कारण यातलं बरंचसं इतर पेपरांनाही लागू होईल. अन् मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो, रेंज कधी असते कधी नसते, हे धरून वाचा. नागपुरात बसून वापरणाऱ्याला यातल्या अर्ध्या अडचणी येणारही नाहीत.

आधी जे आवडलं ते सांगतो. आमच्याकडे छापील पेपर येतो तो डाक आवृत्तीचा, म्हणजे लांबच्या गावांसाठी लवकर छापून गाडीत टाकलेला, तालुक्याला उतरतो, तिथून एसटीनं गावात, हातात पडेस्तोवर नऊ-दहा वाजून जातात आणि आदल्या रात्री उशिरा काही घडलं असेल तर ते त्यात नसतंच, ते दुसऱ्या दिवशी. ई-पेपरवर शहर आवृत्ती पहाटेच उघडते. शिवाय सगळ्या तालुक्यांची पानं दिसतात. आमच्या घरी मी आपलं घाटंजीचं पान काढतो, बायको तिच्या माहेरचं पुसदचं काढते. छापील अंकात पुसदचं पान आमच्या गावात येतच नव्हतं, तिच्यासाठी तर एवढ्या एका गोष्टीतच पैसे वसूल झाले.

दुसरं म्हणजे बातम्या. तालुक्याचा वार्ताहर जे लिहितो ते दुसरीकडे कुठंच मिळत नाही हे मान्य करा. मुंबईच्या चॅनलला आमच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे का नाही याच्याशी काय घेणंदेणं. २०१७ ला आमच्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गेली, २०१८ ला पांढरकवड्याच्या पट्ट्यात टी-१ वाघिणीच्या भीतीनं लोकं वावरात जायला घाबरत होते, तेव्हा बाहेरचे कॅमेरे आले अन् काही दिवसांनी निघूनही गेले. रोज गावोगाव फिरणारा हाच वार्ताहर होता. आता त्याला मिळते काय? बहुतेक ठिकाणी मानधन नावालाच, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी अंक अन् पुढाऱ्यांचे वाढदिवस. ज्याच्या वाढदिवसाचं अर्धं पान मागायला जायचं त्याच्याच रस्त्याच्या कामातला घोळ कसा छापणार सांगा. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या राज्यात पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा, केवढा बोभाटा झाला होता, प्रेस कौन्सिलला समिती नेमून चौकशी करावी लागली. म्हणून मला वाटते वाचकानं पैसे द्यावेत, मनापासून वाटते. वाचकाच्या पैशावर चालणारा पेपर वाचकाला थोडा तरी भिईल.

जे फुकट पाहिजे म्हणतात त्यांचंही सांगतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पेपर वाटप बंद झालं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ फिरायला लागल्या, सगळ्यांना सवय लागली. पेपरवाल्यांच्या संघटनेनं तेव्हाच सांगितलं की हे बेकायदेशीर आहे, दिल्ली हायकोर्टात टेलिग्रामविरुद्ध केसही गेली, अन् मग बऱ्याच पेपरांनी ई-पेपरला कुलूप घातलं. आमच्या गावच्या ग्रुपवर आजही कुणीतरी पीडीएफ टाकतेच. मी त्यात नाही पडत, ज्यानं उन्हातान्हात फिरून बातमी आणली त्याचं ते नुकसान आहे.

आता तक्रार, अन् ती मोठी आहे. कुलूप कशाला लावायचं याचा या लोकांनी काही विचारच केलेला नाही. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला, कापूस द्यायचा तर कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी लागत होती, लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता, ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात अन् १२ च्या वर गेला की घेतच नाहीत. खरेदी केंद्र कधी सुरू होणार, कोणत्या जिनिंगमध्ये (सरकी काढायच्या कारखान्यात), नोंदणीची मुदत वाढली का, हे ज्याला माहीत नाही तो गावात येऊन माल उचलणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला हमीभावापेक्षा कितीतरी कमी भावात माल देऊन मोकळा होतो. अशी बातमी लागली, फोनवर हेडिंग दिसलं, खाली दोन ओळी, तिसरी ओळ फिक्कट होत गेलेली अन् त्यावर लाल चौकोन, पुढे वाचण्यासाठी सदस्य व्हा. मी सदस्य होतो म्हणून मला उघडली. शेजारच्या काकांना लिंक पाठवली तर त्यांना तोच चौकोन. शेवटी त्यांना बोलावून ओसरीत वाचून दाखवली. आणि त्याच वेबसाइटवर सिनेमाच्या नटीचं लग्न, राशिभविष्य, क्रिकेट सगळं खुलं, एक पैसा नाही! हे उलटं आहे. नटीच्या बातमीला कुलूप लावा ना, कुणाचं काही अडत नाही.

वाघ कोणत्या शिवारात दिसला, ई-पीक पाहणीची मुदत, वीज कधी जाणार, धरणातून पाणी सोडणार का, या बातम्या तरी सगळ्यांना उघड्या पाहिजे. बाहेरदेशात हे करतात. न्यूयॉर्क टाइम्सनं मार्च २०११ मध्ये पैसे घ्यायला सुरुवात केली तेव्हा महिन्याला २० बातम्या फुकट ठेवल्या होत्या, अन् २०२० मध्ये कोरोनाच्या महत्त्वाच्या बातम्या सगळ्यांसाठी खुल्या केल्या. एवढा मोठा पेपर करू शकतो तर जिल्ह्याच्या पेपरला काहून जमू नये. आमच्या पेपरात कुलूप लावलेल्यांपैकी महिन्याला पाच बातम्याही फुकट नाहीत.

पैशाचं. जाहिरातीत वर्षाला ५९९ दिसते, पैसे भरताना ७०७ च्या घरात जाते कारण १८ टक्के जीएसटी. छापील पेपरवर जीएसटी नाही आणि तीच बातमी फोनवर वाचली की १८ टक्के, यात पेपरचा दोष नाही पण जाहिरातीत पूर्ण रक्कम लिहायला काय हरकत आहे. तरी छापील पेपरच्या वर्षभराच्या बिलापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते. पैसे देऊनही मधातच कर्ज देणाऱ्या अ‍ॅपच्या जाहिराती येतात ते मात्र चीड आणणारं आहे. अ‍ॅप दर थोड्या दिवसांनी आपोआप लॉगआउट होते, मग ओटीपी, अन् ओटीपी यायला रेंज पाहिजे, म्हणजे गच्चीवर जा. बाबांना तर ते जमतच नाही. ई-पेपरचं पान मोठं केलं की अक्षरं फुटतात, बातमीवर बोट दाबलं तर वेगळी उघडते ते बरं आहे, वयस्कर माणसाला तसंच वाचायला सांगा. जुनी बातमी शोधायची सोय जवळजवळ नाहीच, तारीख माहीत असेल तरच सापडते.

पाचपैकी तीन देतो. त्यातले दोन नुसते तालुक्याच्या पानांचे.

पेपरवाल्यांना एकच सुचवणं आहे, गावच्या वाचनालयांसाठी एक वर्गणी काढा. कितीतरी गावांत सरकारी अनुदानावर चालणारं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथं सकाळी म्हातारी मंडळी पेपरसाठी जमतातच, एका मोठ्या स्क्रीनवर सगळी पानं उघडी द्या, वाचनालय थोडे जास्त पैसे देईल, ज्याच्याकडं स्मार्टफोन नाही त्यालाही खरेदी केंद्राची बातमी कळेल.

अन् घेणाऱ्यांनी एक पाहून ठेवा. पैसे भरताना ऑटोपेवर, म्हणजे पुढच्या वेळी पैसे आपोआप कापायच्या परवानगीवर, आधीच टिक केलेली असते. अ‍ॅपमध्ये बंद करायचं बटण मला सापडलं नाही, कस्टमर केअरचा फोन कुणी उचलत नाही. ज्या यूपीआय अ‍ॅपवरून पैसे भरले त्यातच ऑटोपेचा भाग असतो, तिथं पेपरचं नाव दिसते, तिथून रद्द करता येते, पेपरवाल्यांना विचारायची गरज नाही. मी माझं रद्द करून ठेवलंय. वर्ष संपलं की खरेदी केंद्राच्या बातम्या उघड्या झाल्या का ते पाहीन अन् मगच हातानं भरीन.