सील शाबूत, माल भलताच

संग्राहक जमवतात त्या छापील कार्डांच्या धंद्यात टोपी घालायला कार्ड बनावट असावंच लागतं असं नाही. भोवतीचं प्लास्टिक पुरतं. यूट्यूबर लोगन पॉलने ३५ लाख डॉलर मोजून घेतलेली पोकेमॉन खेळाच्या कार्डांच्या पहिल्या आवृत्तीची सीलबंद पेटी जानेवारी २०२२ मध्ये उघडली, तर आत जी. आय. जो या खेळण्यातल्या सैनिकांची कार्डं. ती पेटी जाणकारांनी खरी ठरवली होती.

स्लॅबमधली फसवणूक याच धर्तीची. स्लॅब म्हणजे ग्रेडिंग कंपनीने कार्डाची अवस्था तपासून, १० पैकी ग्रेड देऊन ते ज्यात बंद केलं ते कडक प्लास्टिकचं कव्हर. भामटा १० ग्रेडचा स्लॅब कडेच्या सांध्यातून उघडतो, आतलं कार्ड काढून त्याच सेटमधलं जेमतेम ७च्या लायकीचं कार्ड घालतो आणि सांधा चिकटवतो. लेबल खरं, नंबर खरा. कंपनीच्या साइटवर नोंदही बरोबर निघते आणि घेणारा निर्धास्तपणे पैसे सोडतो. म्हणून नुसता नंबर तपासून भागत नाही. नोंदीसोबत स्कॅन असेल तर तो शेजारी ठेवून चारही बाजूंच्या समासाची रुंदी, छपाईतले ठिपके, चमकी थरावरच्या रेषा जुळवायच्या. या खुणा कार्डागणिक वेगळ्या असतात. मग सांधा पाहायचा: कारखान्यातला जोड एकसारखा असतो, गोंद लावलेला असेल तर पांढुरके डाग, बुडबुडे किंवा कोपऱ्याला टवका दिसतो. लेबलवरचा क्यूआर कोड स्कॅन करू नका, तो हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटवर नेऊ शकतो. पत्ता आणि नंबर हाताने टाइप करा.

बिनस्लॅबच्या कार्डात जास्त नुकसान होतं ते कडा कापलेल्या मालात. झिजलेली कड पातळ कापली की कोपरे पुन्हा टोकदार दिसतात. पोकेमॉन किंवा मॅजिक या खेळाचं कार्ड साधारण ६३ × ८८ मिमी असतं. कारखान्यातही थोडा फरक पडतो, त्यामुळे डिजिटल कॅलिपर या मोजमापाच्या साधनाच्या आकड्यावर लगेच निकाल देऊ नका. त्याच सेटच्या खात्रीच्या कार्डाला लावून चारही कडा बघा. एकच कड आत गेलेली किंवा ताज्या पात्याने कापल्यासारखी गुळगुळीत असेल तर व्यवहार सोडा. तज्ज्ञांचीही नजर चुकते: पीएसए या ग्रेडिंग कंपनीने ग्रेड केलेलं पहिलंच कार्ड, बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं ८ ग्रेडचं, आपण कापलं होतं हे लिलाववाला बिल मॅस्ट्रो याने २०१३ मध्ये कबूल केलं. म्हणजे ग्रेडिंगचा श्रीगणेशाच तसा!

साफ बनावट कार्ड ३० पट भिंगाखाली सहसा पकडलं जातं. अस्सल कार्डात चित्र रंगीत ठिपक्यांचं, पण काळी अक्षरं सलग शाईची. अक्षरंही ठिपक्यांची दिसली तर तो स्कॅन करून छापलेला माल. वाकवून किंवा फाडून बघण्याचे उपाय सांगणाऱ्यांचं ऐकू नका, खरं निघालं तरी कार्ड गेलंच.

कार्डांचे सुटे, जुने सीलबंद पॅक तर घेऊच नयेत. विझार्ड्स ही कंपनी पोकेमॉनची कार्डं काढायची त्या काळातल्या पॅकमध्ये चमकी कार्ड असलं की वजन किंचित जास्त भरतं. विकणारा काट्यावर तोलून जड पॅक ठेवून घेतो आणि हलके तुमच्या गळ्यात मारतो. फोडून पुन्हा चिकटवलेले पॅक वेगळेच.

भावाचा खेळही ओळखून असा. कमी प्रती असलेलं कार्ड दोघे-तिघे मिळून बाजारातून उचलतात, मग दुपटीने लावतात, एखादा सौदा आपसात करून दाखवतात. मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. पूर्ण झालेले, वेगवेगळ्या विक्रेत्यांचे सौदे बघा. त्यातून साइटचं कमिशन आणि टपालखर्च वजा करा, बराचसा नफा तिथेच विरतो.

पेपॅलवर 'मित्र आणि कुटुंब' या पर्यायाने पैसे मागणाऱ्याला सरळ नकार द्या, त्यात खरेदीदाराला संरक्षण नसतं. विकणाऱ्यालाही धोका आहेच: चांगलं कार्ड ठेवून घेऊन झिजलेलं परत पाठवणारे भेटतात. पॅक करताना एकाच सलग शॉटमध्ये कार्डाच्या दोन्ही बाजू, स्लॅबचा नंबर, पाकीट बंद करणं आणि पार्सलवरचा ट्रॅकिंग क्रमांक येऊ द्या. परत आलेलं पार्सल उघडतानाही तसंच.