साडेसहा हजार रुपयांचा पत्रा

वडिलांच्या पश्चात त्यांची १२ बोअरची, मधल्या सांध्यावर मोडून उघडणारी दुनळी बंदूक माझ्या परवान्यावर आली. राधानगरी तालुक्यातल्या आमच्या उसात रात्री रानडुकरे शिरली की हवेत एखादा बार काढून त्यांना हुसकावण्यापलीकडे तिचा उपयोग नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीसाठी ठाण्यात जमा केलेली ही बंदूक परत मिळाल्यावर मी ती पुसायला घेतली, तेव्हा नळ्यांखालचे पुढचे लाकूड काढताच नळ्या बॉडीत, म्हणजे दस्त्याला जोडलेल्या लोखंडी भागात, खुळखुळू लागल्या. दोष ठाण्याचा नव्हता; सांध्याला ग्रीस न लावता आणि नळ्या झटक्याने मिटवत मी ती वर्षानुवर्षे वापरली होती.

नळ्यांच्या खालच्या लोखंडी ठोकळ्याला अर्धगोल खाच असते आणि ती बॉडीतल्या आडव्या पिनवर बसते. ही खाच किंवा पिन झिजली की नळ्यांचे मागचे तोंड बॉडीच्या उभ्या भिंतीपासून किंचित सुटते. बार होताना काडतुसाच्या बुडाला मागून पुरता आधार राहत नाही, म्हणून अशी बंदूक वापरणे धोक्याचे असते.

कोल्हापुरातल्या एका परवानाधारक दुकानात मी ती दाखवली. मालकांनी ‘पिन बदलून नळ्या नव्याने बसवाव्या लागतील, आठ दिवस आणि साडेसहा हजार लागतील’ असे सांगितले. आठव्या दिवशी बंदूक इतकी घट्ट मिटत होती की उघडताना गुडघ्याचा आधार घ्यावा लागला आणि मी खूष झालो. खरे तर मला तिथेच शंका यायला हवी होती. चांगली बसवलेली बंदूक घट्ट असते, अडकत नाही. पावतीवर ‘बिजागरी दुरुस्ती’ एवढेच लिहिले होते, आणि जुनी पिन मागण्याचे मला सुचले नाही.

दहा-बारा काडतुसांतच नळ्यांचा खेळ, म्हणजे सैलपणा, परत आला. शिवाजी उद्यमनगरात हयात लेथवर घालवलेले माझे एक मित्र घरी आले होते; माझ्यासमोरच त्यांनी रिकाम्या बंदुकीच्या नळ्या उतरवून खाचेत बॅटरी मारली. आत डाखाने चिकटवलेली पत्र्याची पट्टी होती, तिची एक कड उचकटून बाहेर आली होती, आणि त्या कडेवर गोडेतेलाच्या डब्याचा पिवळा रंग अजून शाबूत होता. ठोकळ्याच्या बाजूंवर पंच ठोकून धातू फुगवल्याच्या खुणाही होत्या. असा फुगवटा पहिले काही बार घट्टपणाचा भास देतो आणि मग चेपतो. पिनला तर कोणी हातही लावला नव्हता.

पिन वेगळी बसवलेली असेल तर किंचित जाड पिन घालणे ही रीतसर दुरुस्ती होय. पिन बॉडीतच घडवलेली असेल, तर खाचेत वेल्डिंगने धातू भरून ती पुन्हा कोरावी लागते. त्यातही नळ्यांमधली पट्टी डाखाने जोडलेली असल्याने उष्णता वर चढू न देणे हे जोखमीचे काम असते. मग काजळी लावून, नळ्या पुन्हापुन्हा मिटवून, जिथे डाग उमटेल तिथेच बारीक कानस फिरवायची. नळ्यांच्या मागच्या तोंडावर सगळीकडे सारखा डाग येईपर्यंत हे चालते. या कामाला दिवस लागतात, आणि कारागीर ते आपल्याला दाखवायला लाजत नाही.

बंदूक परत घेताना ती रिकामी असल्याची खात्री करून पुढचे लाकूड काढा, कारण त्याच्या दाबाने खेळ झाकला जातो. मग दस्ता काखेत धरून नळ्या हलवा आणि सांधा उजेडासमोर धरा. काम कोणते होणार ते आधी लिहून घ्या, काढलेला भाग परत मागा.

मी दुकानात जाऊन पत्र्याची पट्टी दाखवली, तेव्हा मालक म्हणाले, ‘काका, बंदूक जुनी आहे, एवढं चालायचंच.’ पैसे परत मिळाले नाहीत. दुसऱ्या परवानाधारक कारागिराने खाच भरून दिली. त्याला तीन आठवडे लागले. पट्टी त्याने काढून काड्यापेटीत घालून दिली, ती मी परवान्याच्या फायलीत ठेवली आहे.