चांदोरचं ब्रागांझा घर: दोन्ही बाजू बघा आणि लायब्ररीत जरा थांबा

मडगावहून फार लांब नाही चांदोर, तिथे चर्चच्या समोरच हे घर आहे. केवढं तर पुढच्या बाजूला एका ओळीत २४ खिडक्या, आमच्या मोबाईलच्या एका फोटोत मावेचना. मूळ बांधकाम १७व्या शतकातलं, पुढे वाढवत नेलेलं, नंतर कुटुंबाच्या दोन शाखांत वाटणी झाली, त्यामुळे जिना एकच पण वर गेलं की एकीकडे ब्रागांझा परेरा आणि दुसरीकडे मिनेझिस ब्रागांझा. घरची माणसं अजून तिथेच राहतात, म्हणून म्युझियमला गेल्यासारखं नका जाऊ, कुणाच्या घरी जातो तसं जा.

परेरांच्या बाजूला नाचाचा मोठा हॉल, झुंबरं, पोर्तुगालच्या डॉम लुईस राजाने भेट दिलेल्या दोन उंच पाठीच्या खुर्च्या. घरातल्याच छोट्या चॅपलमध्ये सेंट झेवियर, म्हणजे गोंयचो सायब, त्यांचं नख जपून ठेवलंय. आई तिथे हात जोडून उभी राहिली आणि बाहेर येताना हळूच म्हणाली, एवढं झाडायपुसायला माणसं किती लागत असतील गं. खरंच आहे, कूळ कायद्यात जमिनी गेल्यावर असली घरं सांभाळणं सोपं नाही राहिलं.

पण मला विचाराल तर खरी श्रीमंती पश्चिमेच्या, म्हणजे मिनेझिस ब्रागांझांच्या बाजूला आहे, लायब्ररीत. हजारो जुनी पुस्तकं. ती ज्यांची, ते लुईस द मिनेझिस ब्रागांझा. १९०० साली ओ हेराल्दो सुरू करणाऱ्यांपैकी एक, गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक ते. आणि १९३० मध्ये पोर्तुगीजांच्याच कौन्सिलमध्ये उभं राहून ह्या माणसाने गोव्याला स्वयंनिर्णयाचा हक्क आहे असा ठराव मांडला! अशा वाड्यात जन्म काढलेला माणूस, गप्प बसला असता तरी काही कमी पडलं नसतं. पणजीला इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझावरून कितीदा गेलोय आम्ही, नाव कोणाचं ते त्या कपाटांपुढे उभं राहिल्यावर कळलं, अंगावर काटा आला अगदी.

शक्यतो सकाळी जा. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोन बसवलेत, त्यातून ऊन दुधासारखं मऊ होऊन आत येतं, जवळ जाऊन बघा, प्रत्येक तुकड्यावर शिंपल्याच्या रेषा दिसतात. पॅकेज टूरने जाऊ नका, आमच्या ओळखीतल्यांना गाडीवाल्याने वीस मिनिटांत बाहेर काढलं, लायब्ररी राहूनच गेली त्यांची. निदान दीड तास ठेवा.

आम्ही दोन्ही बाजूंना वेगवेगळे पैसे दिले, तुम्हीही द्या आणि हात आखडता घेऊ नका. एवढं मोठं कौलारू छप्पर आणि गोव्याचा पाऊस, दरवर्षी काय खर्च येत असेल.